‘आणि पार्टी’

आमच्या गायन पार्टीत सध्या भांडण चालू आहे, आणि ते बेस गिटारवरून आहे. ऐकून हसू येईल. दसरा झाला की ज्या बीड जिल्ह्यातली माणसं कोयता बांधून उसाला जातात, तिथं बेस गिटारवरून भांडण! पण भांडण खरं आहे. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ती गिटार कुणाच्या गळ्यात असावी, यावरून पार्टीत दोन तट पडलेत. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला आमच्याच वस्तीतला एकोणीस वर्षांचा पोरगा. मी यात पक्षकार आहे हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यानं माझं म्हणणं पारखून घ्यावं.

मी वाजवतो ते साधं. समेवर षड्ज, मधे पंचम, पुन्हा षड्ज. दोन सूर, फार तर तीन. पोरगा वाजवतो ते काहीच्या काही. अंगठ्यानं तार ठोकतो, बोटानं उपसून सोडतो, एका मात्रेत चार-चार ठोके काढतो. मोबाईलवर बघून शिकला. गुरू नाही, क्लास नाही. वस्ती झोपली की वायर न लावता अंधारात वाजवत बसायचा. त्याच्या हातात कला आहे, याबद्दल मला काडीची शंका नाही. तो सुरू झाला की पोरं शिट्ट्या मारतात, मोबाईल वर धरतात. आणि नेमका त्याच वेळी आमच्या गाणाऱ्या बाईचा शब्द बुडतो.

भांडण एवढंच आहे. पण ते एवढंच नाही.

आधी ठेक्याचं सांगतो. माझा बाप ढोलकी वाजवायचा. ढोलकीला दोन तोंडं. उजव्या बाजूला चाटी, डाव्या बाजूला धुम. चाटी बोलते, धुम घुमते. ऐकणाऱ्याचे कान चाटीकडं जातात, कारण कडकड तिकडं होते. बाप मात्र डाव्या हाताचा माणूस. भीमगीतातली कितीतरी गाणी केरव्यात असतात. आठ मात्रा. धा गे ना ती, न क धी न. हातानं ताल धरून बघा. धुम घुमते ती पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. तिसरीपासून सहावीपर्यंत ती गप्प. नवशिक्याला वाटतं, ही जागा मोकळी पडली, भरून टाकू. बाप म्हणायचा, “ती जागा मोकळी न्हाई लेका. तिथं गानारा उभा ऱ्हातो. आपुन तिथं पाय ठिवायचा न्हाई.”

बापाच्या आधी आजा तुणतुणं धरायचा. लाकडाचं पोकळ भांडं, खाली कातडं मढवलेलं, कातड्यातून वर आलेली एक तार, वर एक खुंटी. संपलं वाद्य. एकच सूर. पण तो सूरही देतं आणि लयही देतं. शाहिराला पट्टी सुटू देत नाही आणि झीलकऱ्यांना पळू देत नाही. ज्याला एकच तार आहे त्याला दिखावा करायला वावच नाही. त्याला फक्त टिकून राहता येतं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात. त्यांचा आवाज मोबाईलवरून घरोघर गेला. त्या एकतारीवर कोणती करामत असते? काही नाही. म्हणून तर एकेक शब्द आत उतरतो.

आमच्या पार्टीतले जुने लोक म्हणतात, गिटार आपली नाही, काढून टाका. मला ते पटत नाही. बेस गिटार म्हणजे तरी काय? साध्या गिटारच्या चार जाड तारांचे सूर, एक सप्तक खाली. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरच्या कारखान्यातून निघाली आणि जगभर पसरली. तिचं काम सुराला तळ देणं आणि लयीला खांदा देणं. म्हणजे जे तुणतुणं करतं आणि जे धुम करते, ती दोन्ही कामं. चेन्नईत २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं राहिलं. तिथं पराई आणि गिटार एकाच मंचावर वाजतात. वाद्याला जात नसते, जात वाजवून घेणाऱ्याला असते.

हे मी उगाच बोलत नाही. वाजवण्याचा आपला इतिहास साधा नाही. गावगाड्यात हलगी मांगवाड्याकडं, तराळकी महारवाड्याकडं. हलगी वाजवणं ही कला म्हणून कुणी बघत नव्हतं, ते काम होतं. पाटलाच्या लग्नात वाजवायचं, देवीच्या छबिन्यात वाजवायचं, दवंडीला वाजवायचं, आणि जेवायच्या वेळी लांब बसायचं. किती वेळ वाजवायचं, कधी थांबायचं, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर कित्येक वस्त्यांनी दुसऱ्याच्या दारातलं वाजवणं टाकून दिलं. बरोबरच केलं. जे हात हुकमावर वाजत होते ते स्वतःच्या गाण्यासाठी वाजायला लागले.

आपल्या गाण्याचं कामच वेगळं होतं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. पुढं वामनदादा कर्डक (१९२२–२००४) खेडोपाडी गात हिंडले. दादा स्वतः मोठेपणी अक्षर शिकलेले. ज्या बायाबापड्यांना पाटीवरचं एक अक्षर येत नव्हतं, त्यांना बाबासाहेब कानावाटे कळले. महाड, काळाराम, गोलमेज, घटना, हे सगळं त्यांच्यापर्यंत गाण्यातून आलं. पुस्तक ज्यांच्या हातात नव्हतं त्यांचं पुस्तक गाणं होतं. आता सांगा, पुस्तकाच्या अक्षरांवर कुणी चित्रं काढली, कितीही सुंदर काढली, तरी वाचणाऱ्यानं काय वाचायचं?

एक रात्र सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आमची टोळी सांगली जिल्ह्यात तोडीला होती. ६ डिसेंबर. आपल्यातली शहरातली माणसं चैत्यभूमीला जातात, पण उसाच्या हंगामात आमचा मुकादम कुणाला सोडणार? उचल घेतलेली. दिवसभर तोडणी झाली, मोळ्या वाहिल्या, गाडी भरली. रात्री कोप्यांच्या मधे एका खोक्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. ढोलकी घरी राहिलेली. बापानं तेलाचा रिकामा डबा उलटा केला आणि मांडीत धरला. आमच्या शेजारच्या कोपीतली बाई गायला लागली. बापाचे हात पाचटानं चिरलेले होते, बोटं सुजलेली. करामत करायची म्हटली तरी ती बोटं वळली नसती. नुसता ठेका. पहिली, दुसरी, सातवी. त्या डब्यावर ती बाई तासभर गायली. एकही शब्द वाया गेला नाही. पाच वाजता उठून पुन्हा फडात जायचं होतं, तरी एक माणूस उठून गेला नाही. मला संगीत म्हणजे काय हे त्या डब्यावर कळलं.

आता माझ्या बापाचं नाव कुठं छापून आलं का? नाही. तीस वर्षं वाजवलं. हँडबिलावर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, त्याच्यापुढं दोन शब्द : ‘आणि पार्टी’. कॅसेटवर तेच, फ्लेक्सवर तेच. माझा बाप ‘आणि पार्टी’त मेला.

हे लक्षात ठेवा. यावर पुन्हा येतो.

पोरगा असा का वाजवतो? नुसतं ‘आजकालची पोरं’ म्हणून सोडून देणं सोपं आहे. मी त्याला विचारलं. तो ज्या कॉलेजात शिकला तिथल्या स्नेहसंमेलनात एक प्राध्यापक त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुम्हा लोकांच्या रक्तातच ताल असतो.” आणि पुढं हसून म्हणाले, “शास्त्र मात्र वेगळी गोष्ट.” पोराच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं.

दोस्तांनो, हे कौतुक नीट उकलून बघा. रक्तात ताल! म्हणजे माझ्या बापानं तीस वर्षं घासलं ते काहीच नाही. घट्टे पडले ते काहीच नाही. ते आपोआप आलं, जन्मानं आलं. ज्याची अक्कल जन्मानं त्याच्या घरात आहे असं ज्यांनी हजारो वर्षं सांगितलं, तेच आता आपल्याला सांगतात की तुमचा ताल जन्मानं तुमच्या रक्तात आहे. दोन्ही वाक्यं एकाच कारखान्यातली. शास्त्र त्यांच्याकडं, रक्त आपल्याकडं! आणि भीमगीत म्हणजे काय, तर धाडधाड. त्यात संगीत कुठं असतं?

मग पोरगा पेटला. दाखवतोच म्हणाला. त्यानं अंगठा ठोकून ठोकून फोड आणले. त्याचा राग मला कळतो. पण राग ज्याच्यावर आहे तो माणूस आपल्या मंडपात बसलेला नसतो. मंडपात आपली माय बसलेली असते. न आलेल्या माणसाला दाखवण्यासाठी आलेल्या माणसाचा शब्द बुडवायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. प्रस्थापिताच्या परीक्षेला बसायचं ठरवलं की पेपर तोच काढतो आणि गुणही तोच देतो.

गंमत अशी की पोरानं जो अंगठा उचललाय तो मुळात दिखाव्यासाठी जन्मलाच नाही. १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष ओकलंड शहरात निघाला. त्याच शहरात वाढलेला एक काळा पोरगा, लॅरी ग्रॅहम, आईच्या गाण्याला साथ करायचा. त्यांच्याकडं ड्रमवाला राहिला नाही. आता ठोका कुणी द्यायचा? त्यानं बेसची तार अंगठ्यानं ठोकायला सुरुवात केली, म्हणजे मोठा ड्रम. बोटानं तार उपसून सोडली, म्हणजे छोटा ड्रम. एका माणसानं दोघांचं काम ओढलं. आईचं गाणं पडू नये म्हणून. पुढं तो मोठ्या बँडमध्ये गेला, जगानं ती रीत उचलली, आणि उचलता उचलता आईचं गाणं मागं राहून नुसता अंगठा उरला. मी पोराला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. त्याला अंगठा माहीत होता, आई माहीत नव्हती.

आपल्याकडंही तसंच आहे. तमाशात वग सुरू व्हायच्या आधी ढोलकीवाला एकटा वाजवतो. कडाडून वाजवतो, घामाघूम होतो. ते कशासाठी? लांबच्या माणसाला कळावं, गर्दी जमावी म्हणून. गर्दी बसली, गाणं सुरू झालं, की तोच ढोलकीवाला हात आखडता घेतो. त्याला दोन्ही येतं. कधी काय, हेही येतं.

म्हणून साधेपणाची पूजा करा असं मी म्हणत नाही. साधं म्हणजे कमी येणं नव्हे. डेट्रॉइट शहरात जेम्स जेमर्सन नावाचा काळा बेसवाला होता. मोटाऊन कंपनीच्या किती गाण्यांवर त्याचा हात आहे! उजव्या हाताच्या एका बोटानं, फक्त तर्जनीनं वाजवायचा. पण त्याचं वाजवणं साधं नव्हतं. त्यात वळणं होती, उड्या होत्या. तरी गाणाऱ्याच्या शब्दावर तो कधी बसला नाही. शब्द आला की वाट द्यायचा, शब्द थांबला की पुढं यायचा. उलट जमैकाचा ॲस्टन बॅरेट, बॉब मार्लीच्या मागं उभा राहणारा, ज्याला सगळे ‘फॅमिली मॅन’ म्हणत, तो मोजके सूर लावायचा आणि मधे मोठ्या मोकळ्या जागा सोडायचा. त्या संगीतात पुष्कळदा ड्रमसुद्धा पहिली मात्रा सोडून देतो. २०२४ साली तो गेला. एक भरपूर वाजवणारा, एक मोजकं वाजवणारा. दोघंही बरोबर. सूर किती लावले हे मोजायचंच नाही. कुणासाठी लावले हे बघायचं.

तेव्हा डीजेवाले पुढं येतात. म्हणतात, तुम्हाला बेसच पाहिजे ना, आमच्याकडं भिंतभर बेस आहे. आहे खरा. छाती हादरते, पत्रे वाजतात, पाळण्यातलं लेकरू दचकतं. पण त्या बेसवर उभं काय आहे? गाणं बाबासाहेबांचंच लावतात, पण मिरवणुकीतल्या एकाला थांबवून विचारा, दुसऱ्या कडव्यात काय होतं? सांगता येणार नाही. तळ आहे, वर घर नाही. आणि ती भिंत भाड्यानं येते, वर्गणीतून येते. उसावरून एप्रिलात परत आलेला माणूस हिशेब करून जी नोट काढून देतो, तिच्यातून येते.

आता मघाचं सांगतो. मागच्या महिन्यात तालीम झाली. मी पोराला म्हणालो, “लेका, गाणं चालू असताना दोनच सूर धर. षड्ज आणि पंचम. बाई श्वास घेईल तिथं तुला काय करायचं ते कर.” त्यानं ऐकलं. वाजवलंही. चांगलं वाजवलं, माझ्यापेक्षा घट्ट. बाईचा शब्द स्वच्छ आला. तालीम संपल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “दादा, समदं खरंय. पर मग मी दिसायचा कवा?”

याला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. आणि हा प्रश्न अहंकाराचा आहे असं म्हणून मी तो झटकणार नाही. ज्या जमातीला पिढ्यान्‌पिढ्या दिसू दिलं नाही, सावलीसुद्धा पडू दिली नाही, तिच्या पोरानं ‘मी दिसायचा कधी’ विचारलं तर तो प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे. माझा बाप विचारत नव्हता. त्याच्या पिढीनं पोट बांधून चळवळ केली, नावाचं कुणी बोललं नाही. पण न विचारणं म्हणजे न दुखणं नव्हे. मेल्यावर त्याच्या पेटीत जुनी हँडबिलं निघाली. नीट घडी करून ठेवलेली. ज्यावर त्याचं नाव नव्हतं ती.

तेव्हापासून मला वाटायला लागलं, आपण भांडणाचं टोक चुकीच्या जागी धरलंय. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो वाजवण्यातून स्वतःचं नाव ओरडतो. दुसरा रस्ता त्याला कुणी ठेवलाच नाही. जेमर्सनचंच बघा. गाणी जगभर गेली, पण रेकॉर्डवर वादकांची नावंच नसायची. १९७१ साली मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या रेकॉर्डवर त्याचं नाव छापलं गेलं. तोवर इतकी वर्षं त्याच्या तळावर लोक नाचले आणि तो ‘आणि पार्टी’त राहिला. १९८३ साली मेला. ते काळ्यांचं संगीत होतं, कंपनीचा मालकही काळा होता, तरी हे झालं. म्हणून ‘आपल्यात असं होत नाही’ असं म्हणू नका. आपल्यातही होतं. मंचावर कोण बसतं आणि सतरंज्या कोण उचलतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ॲट्रॉसिटीची तक्रार घेऊन रात्रभर ठाण्याबाहेर कोण बसतं आणि सकाळी पेपरात फोटो कुणाचा येतो, हेही ठाऊक आहे. ठेका धरणाऱ्याला त्यागाचे धडे द्यायचे आणि नाव गाणाऱ्याचं लावायचं, ही गावगाड्याचीच रीत झाली. नुसता झेंडा निळा.

रविवारी पार्टीची बैठक आहे. तिथं मी तीन गोष्टी मांडणार आहे.

एक. गिटार पोराच्या गळ्यात राहील. मी तुणतुणं धरतो, आज्याचं आहे, कातडं नवं मढवून घेतलंय. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं पोराची. अंगठा, बोट, जे येतं ते सगळं. ढोलकीवाल्याबरोबर सवाल-जवाब करू द्या, वेशीपर्यंत ऐकू जाऊ द्या. गर्दी बसली की मग दोन सूर.

दोन. परीक्षक म्हणून शेवटच्या रांगेतली म्हातारी. दरेक गाण्यानंतर आमच्यातल्या एकानं मागं जाऊन तिला विचारायचं, “माय, काय म्हणाली गं बाई?” तिला कडवं सांगता आलं तर वाजवणं बरोबर. नाही आलं तर कितीही शिट्ट्या पडल्या तरी पुढच्या गाण्याला हात आखडायचा. आमचं शास्त्र एवढंच आहे, आणि त्याला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

तीन. फ्लेक्सवर ‘आणि पार्टी’ छापायचं नाही. आठ माणसं आहोत. ढोलकी अमुक, पेटी अमुक, डिमडी अमुक, बेस गिटार अमुक. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मंचावरूनही नावं घ्यायची, गाण्याच्या आधी, सावकाश, एकेक. लोक म्हणतील जागा नाही. जागा आहे. शुभेच्छुकांचे दोन फोटो कमी करा, तेवढ्यात आठ नावं बसतात. मी फ्लेक्सवाल्याकडं जाऊन मोजून आलोय.